पूर ओसरल्यावर घर वाळवायचं कसं

२०१९ च्या ऑगस्टमध्ये दूधगंगेचं पाणी आमच्या सोप्यात कमरेएवढं चढलं आणि आठवडाभर हललं नाही. उतरलं तेव्हा गणपतीला तीन आठवडेही उरले नव्हते. त्या वर्षी चतुर्थी २ सप्टेंबरला होती. "असल्या डागाळलेल्या भिंतीपुढं देव बसवायचा व्हय?" असं आत्ती म्हणाली आणि आम्ही घाईघाईनं पुट्टी भरून पिस्ता रंगाचा डिस्टेंपर मारून घेतला. फोटो झकास आले. दिवाळीला कपाट सरकवलं तर मागची भिंत काळ्या-हिरव्या ठिपक्यांनी भरलेली, रंगाचे पोपडे बोटाला लागून येत होते आणि घरात पाऊल टाकलं की कुबट वास. धाकट्याचा खोकला थंडीभर थांबला नाही. उन्हाळ्यात तो रंग, ती पुट्टी आणि खालचा गिलावा सगळं खरवडून काढलं. खर्च दोनदा झाला.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं, तेव्हा मात्र आम्ही घाई केली नाही. त्या दोन पुरांत जे कळलं ते इथं क्रमानं लिहितोय. तुम्ही नदीकाठी नव्यानं राहायला आला असाल, किंवा बेळगावात बळ्ळारी नाल्याच्या बाजूला पहिल्यांदाच घरात पाणी शिरलं असेल, तर कामाला लागण्याआधी एकदा पूर्ण वाचा.

बुरशीचं बी बाहेरून आणावं लागत नाही, ते हवेत कायम असतंच. त्याला ओल मिळाली आणि खायला लाकूड, कागद, कापूस, गाळातली घाण असं काहीही मिळालं की २४ ते ४८ तासांत ते रुजायला लागतं. पाणी घरात चार दिवस थांबलं असेल तर वेळ आधीच संपलेली आहे, म्हणून दार उघडल्यापासून प्रत्येक तास मोलाचा. त्यात आपल्याकडची अडचण अशी की पूर येतो जुलै-ऑगस्टात आणि कडक ऊन पडतं ऑक्टोबरात. मधले दोन महिने हवाच ओली असते. त्यामुळं धुणं दोन दिवसांचं काम आणि वाळवणं कित्येक महिन्यांचं, हे आधीच मनात धरून चला.

आत जाण्याआधी

पाणी उतरल्या उतरल्या आत धावू नका. आधी घराभोवती एक चक्कर मारा. जुन्या मातीच्या भिंती पाण्यात असताना तग धरतात आणि पाणी उतरून ऊन पडलं की बसतात. बाहेरून टेकू देणारं पाणी गेलेलं असतं आणि आतली माती अजून लोण्यासारखी असते. भिंतीला पोट आलंय का, कोपरा सुटलाय का, तुळई आपल्या जागेवर आहे का, ते बघा. शंका असेल तर गवंड्याला ओळंबा लावून बघायला सांगा आणि तोवर त्या खोलीत झोपायचं तर सोडाच, सामान काढायलाही एकट्यानं जाऊ नका.

वीज दुसरी. मेन स्विचपर्यंत कोरड्या पायानं पोचता येत असेल तरच तो बंद करा, नाहीतर हेस्कॉमच्या, म्हणजे कर्नाटकातल्या आमच्या भागाच्या वीज कंपनीच्या, लाइनमनला सांगून खांबावरून जोडणी तोडून घ्या. १९१२ वरही तक्रार देता येते. बोर्ड वरून कोरडा दिसला तरी भिंतीतल्या पाइपात पाणी साठलेलं असतं. वायरमननं बोर्ड उघडून, वायरिंग तपासून हो म्हटल्याशिवाय फ्रिज, मिक्सर, मोटर यातलं काहीही चालू करायचं नाही. बुडालेली मोटर तशीच चालू केली तर जळते, ती आधी वाळवून घ्यावी लागते. गॅसचा वास येत असेल तर दारं-खिडक्या उघडून बाहेर या, काडी ओढू नका.

साप हमखास असतात. नाग, घोणस, मण्यार यांनाही पुरात कोरडी जागा हवी असते, आणि ती त्यांना तुमच्या माळ्यावर, लाकडांच्या ढिगात, गुंडाळलेल्या चटईत मिळते. हातात काठी, पायात गमबूट, आणि कुठल्याही फटीत थेट हात नाही. कोणाला चावलाच तर १०८ ला फोन करा आणि सरळ दवाखाना गाठा. मंत्र, चिरा, दोरी यात वेळ घालवू नका.

आणि झाडू हातात घेण्याआधी फोटो काढा. प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे, भिजलेल्या सामानाचे. रेषेवर खडूनं किंवा कोळशानं तारीख घाला. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत घर तसंच ठेवायची गरज नाही, फोटो असले की पुरेत. आमच्या शेजाऱ्यांनी मात्र वाट बघत पाच दिवस गाद्यासुद्धा हलवल्या नव्हत्या. पंचनामा कानडीत लिहितात. ज्याला वाचता येतं अशा माणसाला शेजारी बसवून तो वाचून घ्या, किती खोल्या, मातीची भिंत की विटांची, पाणी किती फूट, एवढं नीट लिहिलंय ना ते पडताळा आणि मग सही करा. सही केलेल्या कागदाचाही फोटो ठेवा.

गाळ ओला असतानाच

नदीचा गाळ ओला असताना तुपासारखा सरकतो आणि वाळला की सिमेंट होतो. म्हणून पहिलं काम तेच. फावडं, घमेलं, रबरी वायपर, आणि घरात जेवढे हात असतील तेवढे. आतल्या खोलीपासून दाराकडं ओढत या. गाळ अंगणात उंबऱ्याला लागून टाकू नका, पुढचा पाऊस तो परत आत आणतो.

सिमेंटच्या भिंती नि फरशी पाइपनं धुतली तरी चालते. मातीच्या भिंतीवर पाइप धरू नका. ती नुसत्या खराट्यानं आणि ओल्या फडक्यानं पुसायची. शहाबादी फरशी असेल तर काठीनं टकटक करून बघा. पोकळ आवाज आला म्हणजे खाली गाळ-पाणी शिरलंय. अशा चार-दोन फरश्या उचलून खालची जमीन उघडी ठेवा, नाहीतर ती ओल वर्षभर भिंतीतून वर चढत राहते.

या कामाला हातमोजे, गमबूट आणि तोंडाला मास्क हवाच. बुरशी उगवलेली असेल तर साधा रुमाल नको, एन-९५ बघा. पायाला जखम असेल तर त्या चिखलात उतरू नका. पुराच्या पाण्यात उंदराचं मूत मिसळलेलं असतं आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. साफसफाईनंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी, लाल डोळे झाले तर आरोग्य केंद्रात जाऊन "पुराच्या चिखलात काम केलंय" हे आपणहून सांगा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही तिथंच विचारून घ्या. दमेकरी, बाळंतीण आणि लहान मुलं यांना या काळात पाहुण्यांकडं पाठवलेलं बरं.

काय ठेवायचं, काय टाकायचं

इथं जीव तुटतो, खरं मन घट्ट करावं लागतं. सोपा नियम असा: जे पाणी पितं आणि आतून धुता येत नाही, ते घरात ठेवायचं नाही. कापसाच्या गाद्या, उशा, फोमचा सोफा, भुशाच्या बोर्डाचं कपाट, छताला लावलेले ओले जिप्समचे पत्रे, हे सगळं बाहेर. "कापूस वाळवून पुन्हा पिंजून घेऊ" असं म्हणणारा घरोघरी एक असतो, आमच्याकडं तो मीच होतो. त्या गादीला पुढच्या पावसाळ्यात पुन्हा वास सुटला.

वाकळ मात्र वाचते. आत्तीनं एका वाकळेची कड उसवली, टाके ओढत ओढत आतल्या साड्यांचे थर एकेक करून सोडवले. वरचा थर चिखलानं तपकिरी झालेला, मधल्या दोन थरांना तर अजून पाणी सुटत होतं. पाच थर म्हणजे पाच जुनी पातळं, त्यातलं एक आजीच्या माहेरचं. सगळी सोड्याच्या उकळत्या पाण्यातून काढली, तारेवर वेगवेगळी वाळवली आणि थंडीत बसून पुन्हा शिवली. न उसवता वाळवली असती तर आतून काळी पडली असती. जाड कपड्याचं हेच सूत्र: थर वेगळे करा. रोजचे कपडे गरम पाणी आणि साबणात दोनदा धुवा. पण ओल्या कपड्यांचं बोचकं बांधून कोपऱ्यात ठेवलं की एका रात्रीत काळे ठिपके पडतात आणि ते ठिपके नंतर जात नाहीत.

सागवानी चौकट, लोखंडी खाट, पितळी-स्टीलची भांडी राहतात. दार फुगून बसत नाही म्हणून लगेच रंधा मारू नका. वाळलं की ते परत आकसतं आणि मग फट राहते. लाकूड सावलीत, हवेवर वाळवा, कडक उन्हात टाकलं तर पिळवटतं.

भिजलेलं धान्य टाकायचं. तांदूळ, ज्वारी, आणि विशेष करून शेंगा. बुरशी आलेल्या शेंगदाण्यात आणि मक्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृतावर जातं आणि भाजून, शिजवून निघत नाही. वरचे काळे दाणे निवडून बाकीचे खायचे, हा हिशेब इथं चालत नाही. बुरशीचा कडबा जनावरांनाही घालू नका.

कागद: रेशनकार्ड, जमिनीचा उतारा, शाळेचा दाखला. गाळ लागला असेल तर ताटात स्वच्छ पाणी घेऊन कागद हलकेच बुडवून काढा, चोळू नका. कोऱ्या कागदात दाबून पाणी टिपा आणि पंख्याखाली सावलीत पसरा. गठ्ठा मोठा असेल आणि एवढं करायला वेळच नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोणाच्या तरी डीप फ्रीजरमध्ये ठेवा. थंडीत बुरशी वाढत नाही, सवडीनं काढून वाळवता येतात. ही युक्ती ऐकून लोक हसतात, खरं चालते.

धुणं: आधी साबण, मग ब्लीचिंग

उलटा क्रम केला तर ब्लीचिंग पावडर वाया जाते, कारण तिची ताकद घाणीवरच खर्च होते. म्हणून आधी साबणाच्या पाण्यानं भिंत, फरशी, ओटा घासून घ्या आणि साध्या पाण्यानं धुवा. मग १० लिटरच्या बादलीत साधारण १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवा, थोडा वेळ ठेवा, गाळ खाली बसला की वरचं निवळ पाणी घ्या आणि ते फरशी-भिंतीवर पुसून दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. पावडर ताज्या, बंद पाकिटातली हवी. उघडं पडून राहिलेल्या पोत्यातली पावडर नुसता वास मारते, काम करत नाही.

ब्लीचिंगमध्ये संडास धुवायचं ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जीवावर बेततो. दोन्ही मिळून "डबल पॉवर" होईल असं वाटणं साहजिक आहे, म्हणूनच हे ठळक सांगतोय. खिडक्या उघड्या ठेवा आणि हातमोजे घाला. पुराचं पाणी नदीचं नसून गटाराचं असेल, जसं शहरात होतं, तर ही फेरी दोनदा करा.

बुरशी दिसत असेल तर ती कोरड्या ब्रशनं झाडू नका, बी घरभर उडतं. ओल्या फडक्यानं पुसा आणि ते फडकं फेकून द्या. मेलेली बुरशीही दमेकऱ्याला त्रास देते, म्हणून नुसतं औषध मारून सोडून दिलेला डाग कामाचा नाही, तो निघालाच पाहिजे. फिनेल आणि उदबत्तीनं फक्त वास झाकला जातो.

भिंतीला वाफसा येईपर्यंत

आमच्या गवंडीमामांनी एका वाक्यात सांगितलं होतं: "भिंतीला वाफसा आला नाही अजून, पेरायची घाई करू नका." शेतात पाऊस पडल्यावर वरची माती वाळलेली दिसते, आत पाय रुततो; वाफसा आल्याशिवाय कोणी कुरी घालत नाही. भिंतीचंही तसंच. वरून हात लावला तर कोरडी, आत चार बोटांवर पाणी.

वीट-सिमेंटच्या भिंतीला साधारण एका इंचाला एक महिना असा ढोबळ अंदाज धरतात. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी उघडी असेल तर चार-साडेचार महिने. खानापूरकडच्या जांभ्याच्या भिंती आणि आमच्याकडच्या दोन-अडीच फुटी मातीच्या भिंती त्याहून जास्त घेतात. म्हणून भिंत उघडी करणं महत्त्वाचं. ऑइलपेंट, पुट्टी, वॉलपेपर खरवडून काढा, त्यांच्यामुळं ओल आत कोंडते. गिलाव्यावर बोटाच्या पेरानं ठोका. भद्द आवाज आला, हाताला वाळू लागली, तर तेवढा भाग पाण्याच्या रेषेच्या वर फूटभरापर्यंत पाडा, कारण ओल रेषेवर थांबत नाही, वर चढते. कपाट, पलंग, देव्हारा सगळं भिंतीपासून वीतभर पुढं ओढा.

पहिले आठ-दहा दिवस बाहेर कसंही हवामान असो, दारं-खिडक्या उघड्या ठेवा. घर इतकं भिजलेलं असतं की बाहेरची पावसाळी हवासुद्धा आतल्यापेक्षा कोरडी. पाऊस आत येणार नाही एवढं बघा. वीज तपासून झाली की टेबलफॅन खिडकीत तोंड बाहेर करून लावा. आतली दमट हवा बाहेर फेकली गेली की समोरच्या दारातून नवी आत येते. पंखा भिंतीवर रोखून खोली बंद ठेवली तर तीच वाफ आत फिरत राहते.

नंतर, घर अर्धं वाळल्यावर, गणित बदलतं, कारण आता बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली असू शकते. आम्ही यासाठी पडवीत एक ओला टॉवेल टांगून ठेवायचो. दुपारपर्यंत तो वाळला तर खिडक्या उघड्या, नाही वाळला तर बंद करून पंखा. एसी असेल तर तो "ड्राय"वर चालवा. कोळशाची शेगडी पेटवून बंद खोली शेकायची पद्धत काही घरांत आहे. ती करू नका, त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेलं माणूस उठत नाही. कपाटात कळीचा चुना वाडग्यात ठेवला तर तो कपाटापुरती ओल ओढतो, खोलीला पुरत नाही. तो चुना मुलांच्या हाती लागू देऊ नका.

भिंतीवर पांढरं काही दिसलं की लोक घाबरतात. ते बुरशीच असेल असं नाही, लोणाही असतो, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून वर आलेला खार. थोडं पाणी शिंपडा: लोणा विरघळतो, बुरशी विरघळत नाही. लोणा कोरड्या ब्रशनं झाडून टाकला की झालं, तो भिंत वाळत असल्याचीच खूण.

आणि वाफसा आला का ते कसं ओळखायचं? फूटभर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्या, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवा आणि एक दिवस-रात्र सोडा. आतल्या बाजूला थेंब आले तर भिंत अजून ओली. जमिनीपासून हातभर उंचीवर एक आणि पाण्याच्या रेषेजवळ एक, असे दोन लावा. आमच्याकडं ऑक्टोबरात वरचा कोरडा निघाला, खालच्यात थेंब होते.

विहीर आणि टाकी

विहिरीत पुराचं पाणी गेलं असेल तर आधी उपसा, मग ब्लीचिंग. एरवीचं प्रमाण १००० लिटरला साधारण २.५ ग्रॅम असतं. ३ मीटर रुंद गोल विहिरीत २ मीटर पाणी असेल तर सुमारे १४,००० लिटर, म्हणजे ३५ ग्रॅम. पुरानंतर घाण जास्त असल्यानं एवढं पुरत नाही, म्हणून आशाताईंकडून किंवा आरोग्य केंद्रातून क्लोरीन तपासून घ्या. तोवर पाणी खळाखळा उकळूनच प्या.

तोवर चुना

गणपती आला, पाहुणे येणार, भिंत उघडी बोडकी बरी दिसत नाही, हे सगळं मान्य. त्याला उत्तर चुना. कळीचा चुना डोळे सांभाळून रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, चिमूटभर नीळ घाला आणि पातळ दोन हात द्या. चुन्यातून भिंत श्वास घेते, आतली वाफ बाहेर येते, आणि चुना इतका जहाल असतो की त्यावर बुरशी सहज धरत नाही. तो अंगाला लागतो, पावसाळ्यात ठिकठिकाणी पिवळा पडतो, पुन्हा मारावा लागतो. मारा, स्वस्त आहे. मातीच्या भिंतीला "एकदाच काय ते पक्कं करू" म्हणून सिमेंटचा गिलावा चढवू नका, त्याच्याआड माती वर्षानुवर्षं ओली राहून आतून ढासळते. शेणानं सारवायचं तेही भिंत सुकल्यावरच.

२०२१ ला चतुर्थी १० सप्टेंबरला होती. आमचा गणपती त्या वर्षी चुन्याच्या भिंतीपुढं बसला. आत्तीला ते नकोच होतं, मग तिनं मागं हिरवी साडी लावायची म्हटलं. साडी थेट भिंतीला न ठोकता दोन बांबूंवर, भिंतीपासून हातभर पुढं ताणली, आणि विसर्जनाच्या रात्रीच सोडली. रंग लावला तो पुढच्या पाडव्याला, खालच्या प्लास्टिकातही थेंब यायचे थांबल्यावर.